पहिला पावडा

तलाव गळ्याशी आला तेव्हा गाव त्याच्या मातीच्या पाळीवर आला.

पाऊस असा धरून होता की दिवस कधी उजाडला आणि कधी कलला ते कोंबड्यांनाही कळलं नसेल. सांडव्यावरून पाणी धो धो जात होतं, तरी तलाव बोटभर उतरत नव्हता. गावाच्या अंगाला पाळ मऊ पडली होती. पाय दिला की भिजल्या पिठात दिल्यासारखा आत जायचा. तिथून पाळ गेली असती तर पहिलं पाणी शाळेत, दुसरं देवळात आणि तिसरं घराघराच्या चुलीत.

पूर्वेच्या टोकाला पाळ फोडायची, असं ठरलं. कोणी ठरवलं ते कोणालाच सांगता आलं नसतं. एकाने तिकडे मान वळवली, मग दुसऱ्याने, मग साऱ्यांनीच. त्या टोकाखाली ताराचंदच्या बांध्या होत्या, धानाची खाचरं. नुकतीच रोवणी झालेल्या. धान मुळं धरून हिरवं झालं होतं.

ताराचंदची बायको कुंताबाई डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन बायकांत उभी होती. साऱ्या माना जिकडे वळल्या तिकडे तिचीही वळली.

गावाची रीत जुनी होती. पाळ फोडायची वेळ आली की ज्याची बांधी खाली, पहिला पावडा त्याचा. दुसऱ्याने मारला तर ते वैर, त्याने मारला तर ते दान. आणि त्या दानाची परतफेड म्हणजे मूठ. पाणी उतरलं की पहिला पावडा मारणाऱ्याने भरल्या गावासमोर उभं राहायचं आणि तोंडाने म्हणायचं, ‘मूठ द्या.’ मग घरपरत एक माणूस पाळ बुजवायला आणि घरपरत पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या, बांधी पुन्हा रोवायला. मात्र मागायचं त्यानेच. न मागता कोणी दिलं तर ती भीक. आणि पावडा मारणाऱ्याला भीक घालायची नाही, हेही रीतीतच होतं.

“ताऱ्या, ये गा,” अमरभाऊने हाक मारली. सरपंच त्याची बायको, रिताताई. पण हाका मारायचं काम त्याच्याकडे होतं. “घे पावडा. तुह्याच हातचं हाये हे.”

ताराचंद पुढे झाला. पन्नाशीचा माणूस, पण शाळेतलं पोरही त्याला ताऱ्याच म्हणायचं. कोणाचं छप्पर शाकारायचं असो की कोणाचं मढं उचलायचं असो, ताऱ्या हजर. चहाच्या कपावर खूश. त्याने पावडा हातात घेतला आणि बायकांच्या घोळक्यात पाहिलं. कुंताबाईने मान हलवली नाही. हो म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही.

“गाव वाचते, बाबू,” मागून एक म्हातारा म्हणाला. “मार.”

ताराचंदने पावडा डोक्यावर नेला. पाळीचं पहिलं ढेकूळ निघालं, त्यामागे बोटभर पाणी निघालं, मग हातभर. मग दुसऱ्यांचे पावडे पडले आणि पाण्याला वाट सापडली. कुंताबाई पाहत राहिली. हिरवी बांधी आधी वाकली, मग तांबडी झाली, मग दिसेनाशी झाली.

“मूठ देऊ, ताऱ्या!” गर्दीतून कोणीतरी ओरडलं. “सारा गाव देईन!”

पोरांनी मोबाईल वर धरले होते.

पाऊस थांबला, पण फोडल्या जागेतून पाणी जायचं थांबलं नाही. पाळीला पडलेलं तोंड ओठ झडल्यासारखं रोज रुंद होत होतं. बांधीत धानाच्या जागी रेती बसली. त्या रेतीतून एक पाट वाकडातिकडा वाहत होता, जणू तो जन्मापासून तिथेच होता.

“मांगा ना आता मूठ,” कुंताबाई म्हणायची. “पऱ्हे मातारे होऊन राहिले. आनखी थांबाल त रोवून काय उपेग?”

“मांगतो व. पन गाव एकजागी कुठं हाये? जो तो आपल्या रोवनीत. पंधरा ऑगस्टले झेंड्यापाशी सारे येतीन. तवा मांगू.”

तेही खरं होतं. पावसाने साऱ्यांचीच रोवणी मागे पडली होती. कुंताबाई स्वतः बेबीबाईच्या बांधीत रोजाने जात होती. आपली बांधी रेतीखाली आणि हात दुसऱ्याच्या चिखलात. कंबरेतून वाकायचं, डाव्या हातात पेंढी, उजव्या हाताच्या अंगठ्याने चार काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे सरकायचं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. संध्याकाळी हळद-तेल लावलं की पाय पेटल्यासारखे व्हायचे.

गाणं तिनेच उचलायचं, हे बायकांत ठरलेलंच होतं. तिने पहिली ओळ टाकली की बाकीच्या झील धरायच्या.

“पऱ्ह्याची गं पेंढी, मायच्या मांडीची लेक…”

“मायच्या मांडीची लेक…” साऱ्या म्हणायच्या.

“चिखलाच्या सासरी, पाय रोवून गं टेक…”

“पाय रोवून गं टेक…”

बेबीबाईचा पऱ्हा उरला होता. उपटून बांधलेल्या पेंढ्या बांधीच्या कडेला धुऱ्यावर रांगेने ठेवल्या होत्या. गाताना कुंताबाईचे डोळे पुन्हा पुन्हा तिकडे जात. एका पेंढीत किती बांधी भरेल, वरच्या कोपऱ्यात कुठून सुरुवात करायची, हे ती मनात रोवत होती.

“काय पाह्यतेस व?” बेबीबाई हसली. “तुह्यासाठीच ठेवल्या हायेत त्या. माहा मालक म्हने, म्हशीले टाक. मी म्हनलं, थांबा जी, ताऱ्याभाऊ मूठ मांगन.”

कुंताबाईच्या डोळ्यात पाणी आलं. चिखलाचा हात होता म्हणून तिने दंडाला डोळा पुसला.

मग एके दिवशी अमरभाऊ अंगणात आला. मोटारसायकल बाहेर ठेवून, चपला दाराशी काढून आला, तेव्हाच कुंताबाईला नवल वाटलं. या घरात त्याने चपला कधी काढल्या नव्हत्या.

“ताराचंदजी हायेत का?”

कोणाला विचारतोय ते तिला क्षणभर कळलंच नाही.

“पंधरा ऑगस्टले पुरात राबलेल्या स्वयंसेवकाईचा सत्कार ठेवला,” तो ताराचंदला म्हणाला. “शाल-नारळ. शाली करडीहून आनल्या. तुमचा नंबर शेवटचा, म्हंजे मोठा मान. आन वहिनी, तुमीपन याचं बरं. जोडीनं.”

“आन मूठ?” कुंताबाईने विचारलं.

“तेच त! सारा गाव समोर राहीन. मायकच देतो हातात. काय मांगाचं ते मांगा.” तो हसला. “पाळीचं मी जेसीबीवाल्याले बोललो हावो. रस्ता सुकला की येते.”

“रस्ता सुकते दिवाळीले, भाऊ. तवर तलावच सुकन. मंग धान गाभ्यावर आलं की पानी कुठून देसान, तुमच्या बी बांधीले?”

“पाहू ना,” अमरभाऊ म्हणाला आणि चपला घातल्या.

तो गेल्यावर ताराचंद खाटेवर बसला. “ताराचंदजी म्हनला,” तो म्हणाला. “ऐकलं का?”

“ऐकलं.”

पंधरा ऑगस्टला सकाळी तो मोरीच्या दगडावर दाढी करत होता. कुंताबाईने पाणी ओततच विचारलं, “काय म्हनान?”

“म्हनीन, गावकऱ्यांनो, मी पहिला पावडा मारला. आता मूठ द्या.”

“आनखी म्हना.”

“मी पहिला पावडा मारला. आता मूठ द्या.”

“बस. एवढंच. दुसरा शबूद नको. धन्यवाद बी नको.”

दहावीतली तृप्ती युनिफॉर्मची रिबीन बांधत हसली. “आई, बाबाले कविता पाठ करून देऊन राहिली का?”

“तुहं खानं पाठ करून देऊन राहिली मी,” कुंताबाई म्हणाली.

पंचायतीपुढे चुन्याची रांगोळी होती. मोठी माणसं खुर्च्यांवर, बाया ताडपत्रीवर. ताडपत्री ओली होती, म्हणून निम्म्या बाया उकिडव्याच बसल्या. रिताताईने दोरी ओढली. झेंडा आधी अडला, मग सुटला, झेंडूच्या पाकळ्या पडल्या. राष्ट्रगीत झालं. मुलांची लेझीम झाली. मग अमरभाऊने माइक घेतला.

पहिली शाल चहाच्या टपरीवाल्याला. त्याने पाळीवर चहा पाठवला होता. मग मातीची पोती भरणाऱ्या पोरांना. मग ज्या पोराने व्हिडिओ काढून आंधळगावच्या पत्रकाराला पाठवला, त्याला. त्याची शाल इतरांपेक्षा जाड होती, की कुंताबाईलाच तशी वाटली, कोण जाणे.

“आन आता,” अमरभाऊचा आवाज चढला, “आपल्या गावाचे खरे स्वयंसेवक, श्रीमान ताराचंदजी आणि सौभाग्यवती कुंताबाई!”

“जाय व नवरी,” बेबीबाईने कोपर मारलं. “पदर सरका कर.”

स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली होती. वर चढताना कुंताबाईच्या पायाचा हळदीचा पिवळा ठसा फळीवर उमटला. रिताताईने तिला कुंकू लावलं, नारळ आणि ब्लाउजपीस हातात दिलं. ताराचंदच्या खांद्यावर शाल आली. शालीवरचं प्लास्टिक कोणी काढलंच नव्हतं. तो हलला की ते चुरचुरायचं. त्याची मान ताठ झाली होती. इतक्या वर्षांत कुंताबाईने त्याची मान अशी कधी पाहिली नव्हती, लग्नातही नाही.

“लोक गावाले लुटून खातेत,” अमरभाऊ बोलत होता. “पन या मानसाले पाहा. आपली रोवलेली बांधी यानं गावासाठी पान्यात देल्ली. आन मांगलं काय? काहीच नाही. आज येकजन तरी म्हनू शकते का, का ताराचंदजी माह्या दारात आले, मले काही मांगलं? नाही! याले म्हंतेत देशभक्ती. हे आपले जवानच होत. ताराचंदजी, दोन शबूद बोला.”

माइक ताराचंदच्या हातात आला. त्याने तो कोंबडीच्या पिलासारखा दोन्ही हातांत धरला.

सारा गाव गप्प झाला. हे गप्प होणं कुंताबाईला ओळखू आलं. माणसं वाट पाहत होती. कोणी खाली मान घातली, कोणी मनातल्या मनात माणसं मोजली असतील, कोणाला पाठवायचं, कोणाला नाही. बेबीबाई थेट ताराचंदच्या तोंडाकडे पाहत होती.

“गावकऱ्यांनो,” ताराचंद म्हणाला. माइक किंचाळला. त्याने तो लांब धरला. “मी… मी पहिला पावडा मारला.”

टाळ्या पडल्या.

कोणी सुरू केल्या ते कळलं नाही. खुर्च्यांवरून आल्या, मग पोरांकडून, मग ताडपत्रीवरून. शाळेची सारी रांग टाळ्या वाजवत होती आणि त्या रांगेत, रिबिनीची टोकं उडवत, सगळ्यांत जोरात तृप्ती वाजवत होती. बाप स्टेजवर होता तिचा. ताराचंदने तिला पाहिलं. पुढचं वाक्य त्याच्या तोंडाशी आलेलं कुंताबाईला दिसत होतं. सकाळी तिनेच ते तिथे ठेवलं होतं.

“आता मूठ,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. “म्हना. आता मूठ.”

“मले…” ताराचंद म्हणाला. “मले काही नाही पायजे. गावानं एवढा मान देल्ला, हेच बहुत झालं. माह्यापाशी आनखी बांधी असती त तेबी देल्ली असती.”

आताच्या टाळ्या पहिल्या टाळ्यांहून मोठ्या होत्या. अमरभाऊने त्याला मिठी मारली. प्लास्टिक चुरचुरलं. गावाच्या छातीतून एक श्वास सुटला, ओझं खाली ठेवल्यावर सुटतो तसा, आणि तो कुंताबाईने ऐकला. तिने माइककडे हात केला. अमरभाऊने माइक हसत हसत दुसऱ्या हातात घेतला.

“वहिनीले बी बोलाचं हाये वाटते! पन बुंदी थंडी होऊन राहिली. बोला, भारत माता की…”

घरी जाताना वाटेत माणसं ताराचंदला थांबवत होती. “नमस्कार ताराचंदजी.” तो प्रत्येकाला हात जोडत होता.

दारात आल्यावर तिने नारळ जमिनीवर ठेवला.

“काहून?” तिने विचारलं. एवढंच.

ताराचंदने शाल खुंटीला अडकवली, पुन्हा काढली, घडी केली. “तो बोलला का यानं काहीच मांगलं नाही. मंग लगेच कसं मांगू? सारे टाळ्या वाजवून राहिले होते… तृप्ती बी.”

“टाळ्या रोवता का बांधीत?”

“मले वाटलं… येकडाव त मोठं व्हावं.”

तिला ओरडायचं होतं. पण दारात तृप्ती उभी होती, हातात कागदावरची बुंदी. तिचं तोंड अजून फुललेलं होतं. “बाबा, मॅडम म्हनल्या तुमचा फोटो वर्गात लावू,” ती म्हणाली आणि मग दोघांची तोंडं पाहून तिने बुंदीचा कागद मिटला.

दुपारी कुंताबाई बेबीबाईच्या घरी गेली. बेबीबाई गोठ्यात होती. म्हशीपुढे पऱ्ह्याच्या पेंढ्या पडल्या होत्या. काही सोडलेल्या, काही अजून बांधलेल्या.

“बेबी,” ती म्हणाली. “उरल्या त्या दे.”

बेबीबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. “मांगलं असतं त नाही कशी म्हनली असती व? माहे दोनी पोरं पाळीवर पाठवाचं ठरलं होतं. माह्या मालकानं घमेले बी काढून ठेवले होते. पन तुह्याच मालकानं त मायकावर सांगतलं, काही नाही पायजे म्हनून. साऱ्यांनी ऐकलं.”

“तो येडा हाये. तुले माहीत नाही का?”

“येडा राह्यला कुठं आता? ताराचंदजी झाला ना.” बेबीबाईच्या आवाजात कुचकेपणा होता, पण डोळे ओले होते. “आता मी देल्लं त भीक होते, कुंता. उद्या तुलेच लोक बोलतीन, का स्टेजवर दानशूर आन मागून बायको पदर पसरते.”

म्हैस रवंथ करत होती. हिरवा रस तिच्या ओठांवरून गळत होता.

“पोरं तरी पाठव. दोन दिवस. पाळीले.”

“माहा मालक नाही पाठवाचा. तो म्हनते, जेसीबी येते.” मग बेबीबाईने पायाने बांधलेल्या पेंढ्या गव्हाणीबाहेर सारल्या. “म्हशीचा उरला चारा म्हनून नेत असशीन त ने. चारा कोनी बी कोनाचा उचलते. त्याले मूठ नाही लागत, भीक बी नाही होत.”

कुंताबाईच्या घरी ना म्हैस होती ना बैल. ती वाकली. शेणा-मुतात पडलेल्या पेंढ्या तिने एकेक करून उचलल्या, मुळं पदराला पुसली आणि डोक्यावर घेतल्या. गल्लीतून जाताना टपरीवाल्याने विचारलं, “काय व वहिनी, कोनासाठी?”

“चारा हाये,” ती म्हणाली.

घरी येऊन तिने घडी केलेली शाल उचलली, तिच्यावरचं प्लास्टिक काढलं, ती बादलीत बुडवली आणि मुळं सुकू नयेत म्हणून पेंढ्यांवर गुंडाळली. ताराचंद पाहत होता.

दुसऱ्या दिवशी दोघं पाळीच्या तोंडाशी गेले. बांबूच्या खुंट्या ठोकल्या, खताच्या रिकाम्या चुंगड्यांत माती भरली. एक चुंगडी दोघांनी उचलायची, तोंडात टाकायची, पाण्याने ती हलली की दोघांनी पायाने दाबून धरायची. दुपारपर्यंत ताराचंदच्या तळहाताची साल निघाली. कुंताबाईच्या चिखल्यांतून रक्त येत होतं. शालीतला पऱ्हा टोकांना पिवळा पडत चालला होता.

पलीकडे, तलावाच्या दुसऱ्या अंगाला, बेबीबाईची शेवटची बांधी रोवून होत होती. वारा तिकडून होता.

“पऱ्ह्याची गं पेंढी, मायच्या मांडीची लेक…”

गाणं दुसऱ्याच कोणी उचललं होतं. आवाज जरा वर लागला होता. कुंताबाईच्या तोंडात झील आपोआप आली. तिने ती थुंकीसारखी गिळली.

पाळीवरून सायकल घेऊन एक माणूस चालला होता. तो थांबला. चुंगड्या पाहिल्या, रुंद तोंड पाहिलं, दोघांना पाहिलं.

“नमस्कार, ताराचंदजी!” तो म्हणाला. “वा! आज बी श्रमदान का? तुमच्यासारखा तुमीच.”

ताराचंद गुडघाभर पाण्यात सरळ झाला. त्याने पावडा सोडला आणि चिखलाने भरलेले दोन्ही हात छातीशी नेऊन जोडले. हसलाही. माणूस पुढे गेला, तरी हात तसेच होते.

पावडा पाण्यात वाहायला लागला होता. कुंताबाईने पुढे होऊन तो धरला आणि त्याचा दांडा त्याच्या जोडलेल्या हातांत खुपसला.

“हात नका जोडू,” ती म्हणाली. “मारा.”

ताराचंदने पावडा डोक्यावर नेला. काठाचं ढेकूळ सुटलं, पाळीच्या तोंडात पडलं. पाण्याने ते फिरवलं, विरघळवलं आणि खाली, त्यांच्याच बांधीकडे नेलं.